चतुर्दशीचं पान

उकळलेलं पाणी गार झालं होतं आणि मी ते गाळून माठात ओतत होते, तेवढ्यात वैष्णवीचा फोन आला. वैष्णवी म्हणजे माझ्या भावाची, सुदर्शनभाऊची, नवी सून. लातूरला लग्न होऊन आली त्याला अजून वर्ष व्हायचंय. पोरगी गोड आहे, पण बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. "आत्या, आजोबांना भाजी कोणती आवडायची हो? उद्या त्यांचं पान आहे ना. आजींना विचारलं तर कारलं कर म्हणतात आणि भिंतीकडं तोंड करून बसतात." मला हसू आलं. माझी माय आहेच तशी. मी म्हटलं, "अगं, त्यांना वांगं आवडायचं, पण पित्रात वांगं चालत नाही. तू गवार कर." आणि मग लक्षात आलं म्हणून म्हटलं, "पण उद्या कसं काय गं? बाबांची तर तृतीया. ती होऊन गेली की कधीच." "नाही हो आत्या, आजोबांचं चतुर्दशीलाच असतं. पप्पा म्हणाले, दरवर्षी तेव्हाच घालतात." पुढं ती खिरीत तांदूळ किती घालायचे ते विचारत होती. मी काहीतरी सांगितलं असेल. माठ भरून पाणी ओट्यावरून खाली सांडलं, पावलं भिजली, तेव्हा मी पातेलं खाली ठेवलं.

ज्यांच्या घरी पित्रं घालत नाहीत त्यांना वाटेल, त्यात काय एवढं, तृतीया काय आणि चतुर्दशी काय. तसं नाही ते. माणूस ज्या तिथीला जातो त्या तिथीला पितृपक्षात त्याचं पान वाढायचं. चतुर्दशी वेगळी ठेवलेली असते. तिला घायाळ चतुर्दशी म्हणतात. ज्याला हत्यार लागलं, ज्याचा घात झाला, जो धड मरणानं मेला नाही, त्याला त्या दिवशी जेवू घालायचं. हे मला कुणी पोथीतून सांगितलेलं नाही. माझे धाकटे दीर देगलूर रोडवर ट्रकखाली गेले, तेव्हापासून दर चतुर्दशीला मी स्वतः त्यांचं पान रांधते आहे. पानावर पितर म्हणून एक माणूस बसवतो आम्ही. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, आणि जेवेपर्यंत तो माणूस आपला नसतो, गेलेलाच असतो. पान संपल्याशिवाय त्यानं उठायचं नाही. एकदा मामेसासरे बसले होते आणि त्यांचा मोबाइल वाजायला लागला, वाजतोय, वाजतोय, पण सासूबाईंनी त्यांना हलू दिलं नाही. त्यांना हसू आवरेना आणि खीर नाकातोंडात गेली. तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो. आता ओट्याला टेकून उभी राहिले आणि वाटलं, आपण का हसलो होतो.

माझा बाप काविळीनं गेला. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलंय त्याला गणती नाही. नववीच्या वर्गात यकृताचा धडा आला की मी खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "मुलांनो, माझे वडील, शेषेराव त्यांचं नाव, तरणेताठे होते, दूषित पाण्यानं काविळीनं गेले. मी तुमच्याएवढीसुद्धा नव्हते." पुढच्या बाकावरच्या एखाद्या पोरीचे डोळे भरायचे, आणि मला मेलीला बरं वाटायचं, की बाबाचं मरण कुणाच्या तरी उपयोगाला येतंय. घरी विष्णुपुरीचं पाणी येतं, महापालिका म्हणते शुद्ध आहे, पण मी ते रोज उकळलं. लग्नात, बारशात, कुठंही गेले तरी पिशवीत माझी बाटली. माझी मुग्धा पुण्यात नोकरीला लागली तरी तिनं रसवंतीत पाय ठेवला नव्हता. "आई, तुझ्यामुळं मला उसाच्या रसाची चव माहीत नाही," असं चारचौघांत म्हणाली होती एकदा, आणि मी तिच्यावर केवढी चिडले होते. म्हटलं, तुझे आजोबा गेलेत त्यापायी, चेष्टा करू नकोस. आणि दरवर्षी पितृपक्षातल्या तृतीयेला, आमच्याकडं त्या दिवशी काही नसतं तरी, मी वाटीभर खीर करायची. चमचाभर वेगळी काढून खिडकीत ठेवायची. कुणाला सांगायची नाही. लेकीनं बापाचं करायचं नसतं, भाऊ करतो, पण मला वाटायचं, असू दे, माझ्या हातचं चमचाभर पोचू दे त्यांना. या तृतीयेलाही ठेवली होती. चुकीच्या दिवशी. इतकी वर्षं चुकीच्या दिवशी.

मी मनाशी सबबी शोधल्या, नाही असं नाही. म्हटलं, भाऊला सुट्टी मिळत नसेल. पण भाऊ कृषी खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. म्हटलं, तिथी विसरले असतील. पण विसरले तर माणसं सर्वपित्रीला घालतात, अमावास्येला, ती सगळ्यांची असते. आदल्या दिवशीची चतुर्दशी कुणी चुकून धरत नाही. तिला हात लावायला माणूस भितो. आमचे हे टीव्हीसमोर बसले होते. मी जाऊन म्हटलं, "मी उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला जाऊन येते." "पितराच्या दिवशी? माहेरी?" ते म्हणाले. "लेकी जातात का कधी?" मी म्हटलं, "नाही जात. म्हणूनच जायचंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. पुढं काही विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. लोहा गेलं, माळाकोळी गेली, दोन्ही बाजूला सोयाबीन पाण्यात उभं होतं, शेंगा काळ्या पडलेल्या. माझ्या डोक्यात मात्र गावाकडचं अंगण होतं. मी नऊ वर्षांची. विद्यापीठाच्या नावावरून सगळ्या मराठवाड्यात जाळपोळ चालली होती ते साल. मला तेव्हा काय कळतंय, मला एवढंच सांगितलं की पंचमीला मामाच्या गावी जायचं, मुरुडला. मामाच्या दारात लिंबाला झोका बांधला होता आणि मी दिवसभर त्यावरच. पंचमी होऊन गेली तरी मला न्यायला कुणी येईना. मग एक दिवस तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलते, व्यंकटराव, बाबांचे धाकटे भाऊ. दाढी वाढलेली, डोक्याला मुंडासं नाही. मला उचलून खांद्यावर घेतलं, एवढी घोडी मी, आणि गाडीतळापर्यंत तसंच चालले. रेणापूरच्या पुढं आमचं गाव. पोचलो तर अंगण शेणानं सारवलेलं, उंबऱ्यापासून पार रस्त्यापर्यंत, आणि इतकं दाट की पाय घसरत होता. मायचं कपाळ मोकळं. तिनं मला जवळ घेतलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, पण जवळ घेतलं नाही. तात्याच माझ्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "कावीळ झाली, पोरी. लई पिवळा पडला होता." मी रडले आणि त्यांच्याच गळ्यात पडले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा लोक चहाला उतरले आणि मी बाटलीतलं पाणी प्यायले. त्या सारवणाचा वास आला, इतक्या वर्षांनी, गाडीत. पंचमीच्या दिवसांत कोण सारवतं गं एवढं, झिरमिर पावसात? हे मला तेव्हा का नाही वाटलं? नंतर तरी का नाही वाटलं?

पुढच्या जूनला मला नांदेडला घातलं, बोर्डिंगात. गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती असं नाही, होती. पण तात्या म्हणाले, पोरगी हुशार हाय, नांदेडलाच शिकंल. माझ्याबरोबर आले, ट्रंक डोक्यावर घेऊन, आणि पहिल्या रात्री बोर्डिंगच्या ओसरीवर पोत्यावर झोपले, मी रडेन म्हणून. सकाळी स्टँडवर रसवंती होती, घुंगरू वाजत होते. मी हट्ट धरला. तात्यांनी माझा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली. "न्हाई. तुझा बाप त्यानंच गेला." पित्रं यायची ती सहामाहीच्या परीक्षेत, त्यामुळं त्या दिवसांत मी कधी गावी गेलेच नाही. लग्न झाल्यावर सासरची पित्रं. भावानं गाव सोडून लातूरला घर केलं, माय त्याच्याकडं गेली, पान तिथं व्हायला लागलं. मी नव्हतेच कधी. माझं कन्यादान तात्यांनी केलं. माझ्या बीएडच्या निकालाला त्यांनी गावात पेढे वाटले. त्यांच्या पोटी लेक नाही, तर म्हणायचे, "तनूच माझी लेक." आणि मला खरंच वाटायचं, की देवानं एक बाप नेला आणि दुसरा दिला. गाडीत बसून मी हेच घोकत होते: काही असो, तात्या आहेत. तात्यांना विचारलं की ते खरं सांगतील.

आणि मध्येच आठवल्या गजभारे मॅडम. शाळेत माझ्या शेजारचं टेबल त्यांचं, चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून यायच्या. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्यांनी विचारलं, "तुमचं गाव रेणापूरकडचं ना? अठ्ठ्याहत्तरला तुमच्याकडं काय झालं होतं हो?" मी म्हटलं, "छे, आमच्या गावात काही नाही झालं. त्या साली माझे वडील गेले ना, काविळीनं, त्यामुळं मला चांगलं आठवतं." त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग आपली चटणी माझ्या डब्यात वाढली. म्हणाल्या, "घ्या, जवसाची आहे." परत कधी विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, बाईंना वाईट वाटलं माझ्या बापाचं. लहानपणी गावच्या शाळेत आमच्या वर्गात पंचफुला म्हणून एक पोरगी होती, गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतली. शेंबडी, पण पाढे असे म्हणायची की मास्तर बघत राहायचे. मी मुरुडहून आले तर ती नव्हती. तिच्या वस्तीतलं कुणीच शाळेत नव्हतं. "कामाला गेली ती मानसं पुन्याकडं," असं तात्यांनी सांगितलं होतं, आणि मी, काय सांगू, मी पंचफुलावर रागावले होते, न सांगता गेली म्हणून.

औसा रोडला भावाचं घर. पोचले तेव्हा अकरा वाजून गेले असतील. वैष्णवीनं दार उघडलं आणि "अगंबाई, आत्या!" म्हणून ती एवढी खूश झाली, की मला तिच्यासाठी वाईट वाटलं. आत बैठकीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी नाही, पित्रांना नसतेच. माय स्वयंपाकघरात खाली बसून वडे थापत होती. ऐंशीच्या पुढं गेली, पण हाताला थरथर नाही. तिनं वर बघितलं. "कशाला आलीस गं?"

"वांगं चालत नाही म्हणून सांगायला," मी म्हटलं. असा आचरटपणा माझ्या तोंडून भीतीच्या वेळीच बाहेर पडतो. "माय, बाबा कशानं गेले?"

"आज नगं, तनू. पान हुंदे."

"पानाचंच विचारतेय मी. आज का पान? तृतीयेला का नाही?"

तिनं वैष्णवीला गच्चीवर पाठवलं, घास ठेवायची जागा धुवून घे म्हणून. मग हात पुसले. "दार लोट," म्हणाली. मी लोटलं आणि तिच्यासमोर फरशीवर बसले.

बाबांचं रेशनचं दुकान होतं, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, ते मला आठवतं. रॉकेलचा वास, फळीवरचं माप, लोकांच्या बाटल्यांची रांग. रॉकेलचं टिपाड, म्हणजे मोठं पिंप, ठेवायच्या खोलीची किल्ली ते करदोड्याला बांधायचे. मी मांडीवर बसले की ती मला टोचायची. माय सांगत होती आणि तिचा आवाज भाजी कशी केली ते सांगावं तसा सपाट होता. "रेडिओवर इद्यापिठाचं नाव बदलल्याचं सांगितलं, आन् दुसऱ्या दिसापास्नं गावात पोरं मोकाट सुटली. शेजारच्या गावची बी आली. त्यांला रॉकेल पायजे व्हतं, वस्ती जाळायला. टिपाड आदल्या दिशीच आलतं. तुझा बाप उंबऱ्यावर बसला. म्हनला, कंदिलाला देतो, घरं जाळायला न्हाई. पोरं मागं सरली बी असती. पर त्यांला फूस देनारा एक व्हता त्यांच्यात."

"कोण?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

"टिपाड फोडायला पहार आनली व्हती त्यानं," माय म्हणाली. "म्हनला, दादा, सरक. त्यो सरकला न्हाई. डोक्यात घातली. जित्या मानसाचा करदोडा तोडला गं त्यानं किल्लीसाठी. जित्या मानसाचा. दोन दिस घरघर लागली व्हती. दवाखान्यात न्यायचं तर पोलीस. मग कावीळ म्हनलं. म्याच म्हनलं. पोलीस आले वस्ती जळाल्याचं इचाराय, आन् दारात मयत. माझ्या तोंडातून पयलं तेच निघालं."

वस्ती जळाली का, असं मी विचारलं. "सगळी," ती म्हणाली. "अंधारात पोरंबाळं घिऊन लातूरच्या वाटंला लागली ती. पंचफुलाची माय माझ्यासंगं निंदाय यायची. तिनं जाताना आपल्या दाराकडं बघितलं. तुझा बाप आत व्हता, तवर जित्ता."

मला वाटलं होतं की खरं कळल्यावर मला बाबांसाठी रडू येईल. नाही आलं. राग आला, आणि तोही आधी मायचा. मी म्हटलं, "तात्यांनी मारलं, आणि तू त्यांच्याच हाती दिलंस मला? त्यांच्या खांद्यावर?" ती म्हणाली, "मग काय करू? खरं सांगितलं असतं तर दीर तुरुंगात, तुमी दोघं लहान, भावकी सगळी त्याच्या बाजूनं. पर म्या फुकट न्हाई गप बसले. त्याला म्हनलं, माझ्या लेकीला शिकवायचं, लांब, ती म्हनंल तितकं. आन् दर सालाला माझ्या मालकाच्या पानावर तूच बसायचं. भावकीतला मानूस कुनी बसवत न्हाई, पाव्हना बसवत्यात. म्या त्यालाच बसवला. पयल्या साली घासाला हात लावंना. म्या म्हनलं, खा. कारलं खा." "मग चतुर्दशी कशाला? सगळ्यांना कावीळ सांगितलीस, मग तृतीयाच धरायची." माय माझ्याकडं बघून म्हणाली, "मानसांला खोटं सांगितलं गं. त्यांला कसं सांगू? चुकीच्या दिशी वाढलं तर उपाशी जाईल की त्यो."

माझं बोर्डिंग, माझी पदवी, माझी शाळा, नांदेडमधलं माझं घर, सगळं त्या पहारीच्या बदल्यात मिळालेलं. मी हुशार होते म्हणून नव्हे. मी वर्गात खडू खाली ठेवून जे सांगायचे ते खोटं, मुग्धाला तोडलं ते खोटं, गजभारे मॅडमच्या तोंडावर म्हटलं ते खोटं, आणि ते सगळं मी एवढ्या प्रामाणिकपणे बोलले की मॅडमनी चटणी वाढली. या घरात मेलेल्या माणसाला खरं सांगत होते आणि मला, जित्या लेकीला, नाही. चमचाभर खीर खिडकीत ठेवणाऱ्या लेकीला कुणी एवढंसुद्धा सांगितलं नाही, की बाई, आज नाही, चतुर्दशीला ठेव.

भाऊनं दार ढकललं. "माय, तात्या बसलेत." मग त्याला मी दिसले, आणि माझं तोंड दिसलं. "सांगितलं का?" त्यानं मायला विचारलं. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"मी दारातच होतो, तनू. चौदा वर्षांचा."

"आणि मला सांगावं असं एकदाही वाटलं नाही?"

"तुझ्या पोटात राहिलं नसतं," तो म्हणाला. "गावभर केलं असतंस. आणि तात्यांनी नंतर आपल्याला काय कमी केलं, सांग. आता त्यांचं वय बघ. उगं आज काही काढू नकोस." तो असं म्हणाला जसं काही मीच घरात काही तरी घाण घेऊन आले होते. माय गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तिनं तांब्या माझ्या हातात दिला. "आलीस तर पाय धू. लेकीच्या हातचं पानी कधी लागलं न्हाई त्यांला."

तांब्या मी फेकला असता. पण तिनं ते 'त्यांला' असं म्हटलं की माझा हात उठेना. पाटावर कोण बसलंय ते मला माहीत होतं आणि पाटावर कोण यायचंय तेही माहीत होतं. एकाच्या पायावर पाणी घातल्याशिवाय दुसऱ्याला पोचत नव्हतं. मायनं ही अशी गाठ मारून ठेवली होती.

तात्या भिंतीला टेकून बसले होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी, अंग अगदी वाळलेलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, खरंच उजळला. "तनू, तू गं कशी आज?" मी खाली बसले आणि पायावर पाणी घातलं. हे पाय मला पाठ होते. लहानपणी याच नडग्यांवर बसवून मला झुलवायचे. उजव्या अंगठ्याचं नख तसंच वाकडं. आणि माझं मेलं मन, त्या पायांवरून हात फिरवताना त्याला मायाच वाटली आधी. मला माझीच किळस आली. मी पाय पुसले, गंध लावलं, उठून मागं झाले. वैष्णवीनं पान वाढलं, कारलं, गवार, कढी, वडे, खीर. भाऊनं पाणी सोडलं. तात्या जेवायला लागले, खाली मान घालून, घास लहान लहान, शाळेतला पोरगा शिक्षा भोगतो तसं. माय दाराच्या चौकटीत उभी होती.

अर्धं पान झालं तेव्हा मी पुढं जाऊन बसले. पितराला बोलायचं ते नावानं नाही, नात्यानं. मी म्हटलं, "बाबा."

तात्यांचा हात थांबला. भाऊ म्हणाला, "तनू."

"बाबा, तुम्ही कशानं गेलात?"

वैष्णवीला काही कळत नव्हतं, ती हसू की नको अशी बघत होती. तात्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मायकडं बघितलं. तिनं आजवर इतक्या वेळा त्यांना वाचवलं होतं, आताही वाचवेल असं त्यांना वाटलं असावं. पण ती बोलली नाही. मी वाट बघितली. मला वाटत होतं, बोलतील. मी खरंच सांगते, त्या क्षणापर्यंत माझा तात्यांवर विश्वास होता. पाटावर बसल्यावर माणूस आपला उरत नाही, मग त्याला भीती कसली? एवढं एकदा बोलले असते, तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं की टाळकं फोडलं असतं, मला ठाऊक नाही. त्यांनी घास गिळला.

"कावीळ झाली, पोरी," ते म्हणाले. "लई पिवळा पडलो होतो."

मग मायचा आवाज आला, मोठा नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा. "म्हंजी आजबी उपाशीच," ती म्हणाली, आणि चौकटीतच खाली बसली. या एका दिवसावर तिनं जन्म काढला होता. आता तिला रडताही येत नव्हतं. भाऊ पुढं झाला. "झालं, तात्या, उठा आता, हात धुवा."

"बसा," मी म्हटलं.

तात्या अर्धे उठले होते. माझ्याकडं बघून परत बसले. पानात अर्धा वडा होता, कारलं होतं. पान संपल्याशिवाय पितराला उठता येत नाही, आणि वाढणाऱ्याचा हात थांबल्याशिवाय पान संपत नाही. मी वैष्णवीच्या हातातून खिरीचं भांडं घेतलं. नांदेडला गेल्यावर गजभारे मॅडमकडं जायचं होतं, वर्गातल्या पोरांना काय सांगायचं ते ठरवायचं होतं, पण ते नंतर. आधी ज्याचं त्याला सांगायचं होतं.

"बाबा, तुम्हाला कावीळ झाली नव्हती," मी म्हटलं आणि त्यांच्या पानात खीर वाढली. "तुम्ही उंबऱ्यावर बसला होतात. जेवा. मी सांगते."